काकांच्या छत्रीमागे एकोणीस जण

पाहुण्यांना शहर कसं दाखवावं हे कोणाला शिकायचं असेल, तर त्याने सरळ माझ्याकडे यावं! म्हणजे असं मी गेल्या शनिवारी सकाळी पावणेदहापर्यंत म्हणत होतो.

परदेशात शिकायला येऊन मला दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत मी घरच्यांना फोनवरून इतकं शहर दाखवलं, की आमच्या आईला इथले पूल आणि पुतळे शेजाऱ्यांच्या मुलांपेक्षा जास्त ओळखीचे झाले होते. "काल जरा नदीकाठी फिरून आलो." "आज संग्रहालयात व्याख्यान होतं, चांगलं रंगलं." "घड्याळाच्या मनोऱ्याखाली बसून पुस्तक वाचतोय, मागे गाड्यांचा आवाज येतोय ना, तोच!" फोनवरचं माझं आयुष्य कोणालाही हेवा वाटावा असं होतं. मलासुद्धा वाटायचा.

प्रत्यक्षात माझ्या शहरात चार ठिकाणं होती. माझी खोली, कॉलेजची प्रयोगशाळा, कपडे धुण्याच्या यंत्रांचं दुकान आणि त्याला लागून असलेलं किराणा दुकान. बाकीचं शहर मी बसच्या काचेतून पाहिलेलं, तेही पेंगत. माझा विषय चिकणमाती. मोठमोठ्या इमारतींच्या ओझ्याखाली जमिनीतली चिकणमाती किती दबते, यावर माझं संशोधन चाललंय. या शहराच्या तीस मीटर खाली काय आहे ते मला झोपेतून उठवून विचारा, घडाघडा सांगेन! वर काय आहे, ते मात्र बघायची माझ्यावर कधी वेळ आली नव्हती.

ती वेळ मावशीने आणली.

मावशी सरकारी रुग्णालयात मेट्रन आहे. ती वॉर्डात शिरली की पेशंट तर सोडाच, सलाईनचा स्टँडसुद्धा सरळ उभा राहतो म्हणतात. तिच्या मुलीला, म्हणजे आमच्या धाकटीला, पूलबांधणी शिकायला माझ्याच कॉलेजात प्रवेश मिळाला होता. सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता, आणि मावशीचा होकार अडला होता माझ्यापाशी. "मी आधी शहर डोळ्यांनी बघणार," ती म्हणाली, "आणि तिथे आपला माणूस किती पाण्यात आहे तेही बघणार. मगच पोरीला पाठवेन." आणि खरोखर काकांना घेऊन तीन दिवसांसाठी विमानात बसली!

ते दोघं निघायच्या आधी धाकटीचा फोन आला. आवाज अगदी रडवेला. "दादा, सगळं तुझ्या हातात आहे. आई नाही म्हणाली, तर मला घराशेजारच्या कॉलेजात जावं लागेल. सात मिनिटांवर आहे ते. आई दुपारी डबा घेऊन वर्गात येईल रे!"

"घाबरू नकोस," मी म्हणालो. "शहर असं दाखवतो की मावशी स्वतःच इथे नाव घालेल!"

तयारी मी झक्क केली. पहिलं म्हणजे आमच्या मॅडमना, ज्यांच्या हाताखाली मी संशोधन करतो त्यांना, कळवून टाकलं की मला सणसणून ताप भरलाय. त्याच आठवड्यात अहवाल द्यायचा होता आणि त्याचं अजून पहिलं पानही झालं नव्हतं, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. दुसरं म्हणजे बसथांब्यावरून पर्यटकांसाठीचं एक पत्रक उचललं, आणि शुक्रवारी दुपारी चादरी धुवून होईपर्यंत त्यातली पाच प्रेक्षणीय स्थळं पाठ केली. चादरी निघाल्या तेव्हा स्थळं तोंडपाठ होती. कोणती माहिती कोणत्या स्थळाची, एवढंच थोडं इकडचं तिकडे झालं होतं.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो, तर दारातच काका थांबले. काका म्हणजे मावशीचे यजमान. चौतीस वर्षं बस डेपोत वाहतूक नियंत्रक होते. शिट्टी अजून गळ्यात असते. त्यांनी पिशवीतून आपली लांब दांड्याची छत्री काढली, तिच्या टोकाला नारिंगी नॅपकिन गच्च बांधला आणि ती माझ्या हातात दिली.

"हे काय काका?"

"निशाण. पुढच्या माणसाने उंच धरायचं. मी मागे राहीन, माणसं मोजत. चुकामूक होता कामा नये."

"पण काका, आपण तिघंच तर आहोत!"

"म्हणूनच," काका गंभीरपणे म्हणाले. "पन्नासांतला एक हरवला तर दोन टक्के नुकसान. तिघांतला हरवला तर तेहतीस टक्के जातं."

मी छत्री उंचावली आणि निघालो. दहाला पाच कमी असताना आम्ही मोठ्या चौकातल्या कारंज्यापाशी पोचलो. मी मावशीला म्हणालो, "जरा श्वास घे, मग सुरू करू." मला पत्रक आठवायला दोन मिनिटं हवी होती.

तेवढ्यात एक वयस्क जोडपं आमच्यापाशी आलं. त्यांनी छत्रीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहून हसून मान हलवली आणि शेजारी उभं राहिलं. आता कोणी मान हलवली तर आपणही हलवतो. मी हलवली.

"ओळखीचे?" मावशीने विचारलं.

इथे माझ्या जिभेने घात केला. "हो, म्हणजे... येताजाता भेटतात नेहमी."

मग तिघी मैत्रिणी आल्या. त्यांनीही छत्री पाहून मान हलवली. मग एक उंच, शिडशिडीत आजीबाई आल्या, हातात वही. मग एक लाल टोपीवाला, मग एक अख्खं कुटुंब. जो तो छत्रीकडे बघतो, हसतो आणि उभा राहतो! मीही आपला प्रत्येकाला मान हलवतोय. तीन मिनिटांत माझ्याभोवती घोळका जमला.

मावशीचा चेहरा मऊ पडत चालला होता. "अरे, तुझ्या तर बऱ्याच ओळखी दिसतात इथे! आणि लोक किती मान देतात रे तुला!"

मी गोंधळलो होतो, हे खरं. पण डोळ्यांपुढे मावशीचा डबा घेऊन वर्गात शिरणारा हात आला. आणि लपवायचं कशाला, माझी छातीही थोडी फुगली होती. दोन वर्षांत या शहरात माझ्याकडे बघून इतकी माणसं एकदम कधी हसली नव्हती.

"एकोणीस," मागून काका ओरडले. "आपल्याला धरून! चला!" आणि त्यांनी शिट्टी फुंकली.

सोळाच्या सोळा जण आमच्या मागे चालू लागले!

पहिला थांबा पुतळ्यापाशी. दगडी खुर्चीत बसलेला एक दाढीवाला, हातात गुंडाळलेला कागद. मी मावशीकडे वळून मराठीत सुरुवात केली, तशी सगळी मंडळी कान टवकारून पुढे सरकली. आजीबाईंनी वही उघडली आणि नम्रपणे विचारलं, "आम्हालाही सांगाल का?"

"अरे, सांग ना त्यांनाही!" मावशी म्हणाली. "आपल्यातच काय बोलतोस? बरं दिसतं का ते?"

मग मी सगळ्यांना कळेल अशा भाषेत, खणखणीत आवाजात सांगितलं, की ज्याने शहरात पहिल्यांदा नळाचं पाणी आणलं तो हा थोर पुरुष, आणि त्याच्या हातात आहे तो नळांचा नकाशा.

"कोणत्या साली?" आजीबाईंची पेन्सिल तयार.

"सतराशे एकाहत्तर," मी डोळा न लववता सांगितलं. माझ्या विद्यार्थी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे तेच आहेत. आजीबाईंनी लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

खोटं बोलायला एकदा तोंड सुटलं की ते उतारावरच्या गाडीसारखं धावतं. दुसऱ्या थांब्यावर हिरव्या दरवाजांची एक लांबलचक दगडी इमारत होती. "ही राजाची पागा!" मी छत्री फिरवत म्हणालो. "या दरवाजांतून एका वेळी चाळीस घोडे बाहेर पडायचे!" नेमका त्याच क्षणी एक हिरवा दरवाजा उघडला, आणि आतून हातात फुलं घेतलेलं एक नवं जोडपं बाहेर आलं. मागे नातेवाईक टाळ्या वाजवतायत. लग्ननोंदणीचं कार्यालय होतं ते! सगळा घोळका माझ्याकडे वळला.

काकांनी घसा साफ केला. "घोडे बदललेत वाटतं."

मावशी हसली, पण माझ्याकडे बघताना तिच्या कपाळावर एक बारीक आठी उमटली. ती आठी मी लहानपणापासून ओळखतो. मी घाईघाईने सगळ्यांना मनोऱ्याकडे हाकललं.

मनोऱ्यापाशी पोचेस्तोवर माझं उरलंसुरलं पाठांतरही उडालं. काहीएक आठवेना! वर बघितलं तर मनोरा किंचित उजवीकडे कललेला. आणि मग काय झालं कोण जाणे, मी बोलू लागलो. हा मनोरा का कलला, त्याच्या एका अंगाखाली वाळू आहे आणि दुसऱ्या अंगाखाली चिकणमाती, ती माती पाण्याने भरलेली असते, ओझं पडलं की ते पाणी हळूहळू निघून जातं आणि माती बसत जाते, वर्षाला दोन केसांच्या जाडीएवढी. मनोरा पडणार का? नाही पडणार! का नाही, तेही सांगितलं. लाल टोपीवाल्याने चार प्रश्न विचारले. त्या कुटुंबातली मुलगी जमिनीला कान लावून बसली. वीस मिनिटं कोणी जागचं हललं नाही. मावशीसुद्धा माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होती, आणि तिची आठी गेली होती. मला मनापासून आनंद झाला. वाटलं, जिंकली धाकटी!

तेवढ्यात लाल टोपीवाला पुढे आला. "फारच छान! पण अकरा वाजून गेले. कार्यक्रमात अकराला स्वच्छतागृहाची वेळ दिली आहे."

"कसला कार्यक्रम?"

त्याने खिशातून कागद काढून माझ्यापुढे धरला. 'पायी शहरदर्शन. दहा वाजता, कारंज्यापाशी. आमचा वाटाड्या छत्रीवरच्या नारिंगी कापडावरून ओळखा.' खाली चित्र. छत्रीचं. नारिंगी कापड बांधलेल्या!

माझ्या पायांखालची चिकणमाती सरकली. ही सोळा माणसं कोणा दुसऱ्याची होती! मी त्यांना पळवून आणलं होतं! खरं सांगावं, तर मावशीपुढे पितळ उघडं. न सांगावं, तर ही माणसं न्यायची कुठे?

"काय म्हणतायत ते?" मागून मावशीने विचारलं.

"त्यांना... जरा बाथरूमला जायचंय."

"मग ने की! हा काय विचार करण्यासारखा प्रश्न आहे?"

"पॅसेंजरला हॉल्ट द्यावाच लागतो," काका म्हणाले.

आता संपूर्ण शहरात मला माहीत असलेली स्वच्छतागृहं दोन. एक माझ्या खोलीतलं, जिथे नळ गळतो आणि एका वेळी एक माणूस तिरका होऊनच मावतो. दुसरं आमच्या विभागाच्या तळघरात, प्रयोगशाळेशेजारी. कार्ड माझ्या खिशात होतं आणि दिवस शनिवारचा, म्हणजे कोणी असणार नव्हतं. मी छत्री उंचावली.

ती वरात मी जन्मभर विसरणार नाही. पुढे मी, मधे सोळा परकी माणसं, मागे काका. चौरस्त्यावर काका रस्त्याच्या मध्यभागी गेले, हात आडवा केला आणि अशी काही शिट्टी मारली, की दोन्ही बाजूंच्या गाड्या निमूट थांबल्या. एका बस ड्रायव्हरने तर त्यांना सलाम ठोकला. काकांनी तो रीतसर स्वीकारला.

तळघरात पोचल्यावर मावशीतली मेट्रन जागी झाली. "रांग करा! दोघं-दोघं! हात साबणाने, वीस आकडे मोजून!" भाषा कोणाला कळत नव्हती, पण त्या आवाजाला भाषांतर लागत नाही. सोळा माणसं भिंतीला पाठ लावून उभी राहिली. आता एवढं उरकलं की काहीतरी सबब सांगून यांना कारंज्यापाशी सोडून यायचं, असं मी मनाशी जुळवत होतो.

आणि प्रयोगशाळेचं दार उघडलं. हातात चहाचा कप घेऊन आमच्या मॅडम बाहेर आल्या!

मॅडमनी रांग पाहिली. गळ्यात शिट्टी घातलेले काका पाहिले. मग मी दिसलो, छत्रीसकट.

"तुला ताप आहे ना?" मॅडम अगदी शांतपणे म्हणाल्या.

मावशीला इंग्रजी उत्तम येतं. बत्तीस वर्षांच्या सवयीने तिचा पालथा हात माझ्या कपाळावर गेला, दुसऱ्या हाताने तिने माझी नाडी धरली. "ताप? याला? अंग गार आहे. नाडी मात्र पळतेय."

ती पळायला अजून निमित्त मिळायचं होतं. वरचं दार आम्ही उघडंच टाकलं होतं; जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि एक घामाघूम माणूस खाली आला. त्याच्या हातात छत्री होती. नारिंगी कापड बांधलेली! खरा वाटाड्या! बस बंद पडल्यामुळे त्याला दहा मिनिटं उशीर झाला होता, आणि तेव्हापासून तो शिट्टीवाल्या म्हाताऱ्याचा माग काढत अर्धं शहर धावला होता.

पुढच्या पाच मिनिटांत माझं जे काही झालं, ते सांगवत नाही. आजीबाई वही उघडून एकेक ओळ वाचत होत्या आणि वाटाड्या एकेक ओळ खोडत होता. तो पुतळा शहराच्या पहिल्या न्यायाधीशाचा. हातात निकालपत्र. इथे नळाचं पाणी आलं त्याच्या तीनशे वर्षं आधी तो वारला. इथे राजा कधी नव्हताच, मग पागा कुठून?

"आणि मनोऱ्याखालची चिकणमाती?" आजीबाईंनी शेवटी विचारलं. त्यांचा आवाज दुखावलेला होता.

वाटाड्या माझ्याकडे बघू लागला. मी जमिनीकडे. उत्तर मॅडमनी दिलं. "ते शब्दन् शब्द खरं आहे. तेवढं एक त्याला येतं."

आजीबाईंनी त्या पानावर बरोबरची खूण केली. वाटाड्याने आपली माणसं मोजली. "पंधरा. चला."

"सोळा," काका म्हणाले.

वाटाड्याने पुन्हा मोजलं. पंधराच! काकांनी बंद दाराकडे बोट दाखवलं. दार उघडलं आणि लाल टोपीवाला हात पुसत बाहेर आला. वाटाड्याने काकांना वाकून नमस्कारच केला.

ते सगळे गेल्यावर व्हरांड्यात आम्ही चौघं उरलो. मावशी बाकावर बसली आणि मॅडमना तिने शेजारी बसवलं. दोघींची आयुष्यात ही पहिलीच भेट, पण पाच मिनिटांत त्या अशा बोलू लागल्या, जणू एकाच उपद्व्यापी पेशंटच्या दोन ड्यूट्यांवरच्या नर्सा. मी आणि काका भिंतीपाशी उभे.

"हुशार आहे," मॅडम म्हणत होत्या. "फक्त सांगतो ते करत नाही, आणि करतो ते सांगत नाही."

"लहानपणापासून तसाच!" मावशी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "खरं सांग. दोन वर्षांत इथे काय काय बघितलंस?"

"खोली. ही लॅब. कपडे धुवायचं दुकान. किराणा."

"आणि ते नदीकाठी फिरणं?"

"बसमधून दिसते नदी. डाव्या बाजूला बसलं तर."

मावशीने पर्स मांडीवर ओढली. ओरडली असती तर परवडलं असतं. मला खरंच लाज वाटली. शहर न पाहिल्याची नाही, तर बढाया मी मारल्या आणि फळ धाकटीला भोगावं लागणार याची. "मावशी," मी म्हणालो, "मला काय हवी ती शिक्षा दे. पण तिला यातून वगळ. ती माझ्यासारखी नाही."

मावशीने पर्समधून फोन काढला आणि लावला. सात मिनिटांवरचं कॉलेज! डबा!

"हं, मी बोलतेय," मावशी फोनवर म्हणाली. "कॉलेजला कळवून टाक. येते म्हणावं."

पलीकडची किंकाळी व्हरांडाभर ऐकू आली. मी भिंतीपासून पुढे झालो. "मावशी! अगं, पण मी तर तुला काहीच धड दाखवलं नाही!"

"नाही कसं? सगळं दाखवलंस की!" मावशी म्हणाली. "सोळा अनोळखी माणसं एका खोटारड्याच्या मागे तासभर चालली, आणि सगळं कळल्यावर कोणी त्याला एक चापट मारली नाही. या बाई सुट्टीच्या दिवशीही कामावर असतात. आणि मुख्य म्हणजे, तुझ्यासारखा बावळट इथे दोन वर्षं सुखरूप जगला! यापेक्षा सुरक्षित शहर मला कुठे मिळणार?"

मॅडमना बहुतेक हे सगळं कळलं असावं. त्या चहाच्या कपाआड हसत होत्या.

पुढचे दोन दिवस काकांनी आम्हाला शहर दाखवलं. बसथांब्यावरचा नकाशा त्यांनी एकदाच वाचला आणि एकही बस चुकली नाही. मी मधे चालत होतो, आणि काका मला मोजत होते.

निघताना विमानतळावर मावशीने कॉलेजचा फॉर्म काढला. त्यात 'स्थानिक पालक' असा रकाना होता. मी पेन पुढे केलं. मावशीने ते घेतलं, तिथे मॅडमचं नाव लिहिलं आणि पेन परत दिलं.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुझीही सोय केलीय," ती माझ्या पाठीवर थोपटत म्हणाली.

धाकटी पुढच्या महिन्यात येतेय. मला शहर दाखवायला.